कथानक ओळखीचे असेल तर कथा स्वतंत्र म्हणता येते का?

कोरीपाटी

नमस्कार. एका कथास्पर्धेसाठी कथा लिहून पूर्ण केली आहे, परंतु ती पाठवावी की नाही याचा निर्णय होत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावचे वडिलोपार्जित घर आणि त्याभोवतीची आंब्या-काजूची बाग विकायचे ठरते, मुंबईतील दोन मुले गिऱ्हाईक शोधून आणतात, सातबाऱ्यावर आईचेही नाव असल्यामुळे तिच्या सहीवाचून व्यवहार अडतो, आणि शेवटी ती सही करते, एवढेच कथानक आहे. आमच्या लेखनगटात वाचन झाल्यावर दोघांनी सांगितले की ही कथा याआधी अनेकदा वाचली आहे. मी कोणाचीही कथा समोर ठेवून लिहिलेले नाही; तरीही त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही, कारण जुने घर, शहरातली मुले आणि एकटी आई ही मांडणी मराठी वाचकाला खरोखरच ओळखीची आहे. ‘कथा स्वतंत्र व अप्रकाशित असावी’ अशी स्पर्धेची अट आहे. अप्रकाशित म्हणजे काय हे स्पष्ट आहे, पण स्वतंत्र ठरण्यासाठी कथेत नेमके काय नवे असावे लागते? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनीवही

वाचकांनी कथानक ओळखले म्हणजे कथा ओळखली असे होत नाही. या प्रश्नासाठी शकुंतलेच्या कथेइतके उपयोगी उदाहरण मला दुसरे माहीत नाही, कारण तिथे जुने काय आणि नवे काय हे शेजारी ठेवून तपासता येते.

महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतला विवाहाला होकार देण्याआधीच दुष्यंताकडून वचन घेते की आपल्या पोटी जन्मणारा मुलगाच युवराज होईल. पुढे त्या मुलाला घेऊन ती दरबारात येते, तेव्हा राजाला सारे आठवत असूनही तो तिला ओळख देत नाही. ती खचत नाही. भर सभेत सत्य, पत्नी आणि पुत्र यांविषयी त्याला खडे बोल सुनावते. आकाशवाणी झाल्यावर राजा सांगतो की मला हे ठाऊकच होते, पण केवळ तिच्या शब्दावर मी मुलाचा स्वीकार केला असता तर लोकांनी संशय घेतला असता. या कथेत दुर्वासाचा शाप नाही आणि हरवलेली अंगठीही नाही.

कालिदासाच्या नाटकात या दोन्ही गोष्टी येतात आणि त्यामुळे घटनाक्रम जवळपास तोच राहूनही कथेचा अर्थ पालटतो. आधी राजा जाणूनबुजून खोटे बोलत होता. आता त्याला खरोखरच काही आठवत नाही, म्हणून पाचव्या अंकात दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात आणि तरीही एकमेकांना गमावतात. अंगठी सापडल्यानंतरचा सहाव्या अंकातील त्याचा शोक याच बदलामुळे शक्य होतो. (या बदलाची किंमतही आहे, असे मला वाटते. नाटकातील शकुंतला राजाला ‘अनार्य’ म्हणते खरी, पण आदिपर्वातील तिच्या युक्तिवादाची धार तिथे उरत नाही.) शिवाय ओळख पटवणारी अंगठी कट्ठहारी जातक या बौद्ध जातककथेतही आहे, त्यामुळे ती वस्तूसुद्धा सर्वस्वी एकट्या कालिदासाची म्हणता येणार नाही. राजा का नाकारतो, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याने स्वतः निवडले, आणि नाटकातील पुढचे सगळे त्या उत्तरावर उभे आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली हेच नाटक पदांसह मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हाही प्रेक्षकांना पुढे काय होणार हे माहीत नव्हते असे कोणी म्हणणार नाही.

म्हणून आपल्याला एकच विचारतो: आपल्या कथेतील आई सही का करते?

तळटीप

‘जुनीवही’ यांचे विवेचन मला पटते, परंतु त्यातून सरसकट निष्कर्ष काढू नये असे सुचवावेसे वाटते. महाभारत सर्वांचे आहे. म्हणूनच १९६७ साली शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाची कथा निरनिराळ्या पात्रांच्या तोंडून सांगितली, त्यानंतर रणजित देसाईंनी ‘राधेय’मध्ये तोच नायक पुन्हा घेतला, आणि वाचकांनी दोन्ही कादंबऱ्यांना जवळ केले. हयात किंवा अलीकडच्या लेखकाच्या कथेबाबत इतकी मोकळीक घेता येत नाही.

कायद्याची बाजू आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट झाली. आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट काढला, असा त्यांचा दावा होता आणि प्रांतवाद हा विषय दोन्हींत होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली तो दावा फेटाळताना सांगितले की कल्पना, विषय किंवा कथानक यांवर कोणाचा प्रताधिकार नसतो. तो त्यांच्या विशिष्ट मांडणीवर असतो, आणि दोन्ही कलाकृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असे निःसंशय वाटते का, ही त्याची कसोटी. या हिशेबाने आपल्या कथेला काहीच अडचण नाही.

तथापि कायद्याने चालते ते सारे लेखनाच्या सचोटीत बसतेच असे नाही. एखाद्या कथेतील नेमका पेच आपण जाणूनबुजून उचलला असेल, तर ‘आधारित’ असे लिहावे. त्यात कमीपणा नाही. गो. ब. देवलांचे ‘झुंझारराव’ हे ‘ऑथेल्लो’चे रूपांतर आहे आणि पु. ल. देशपांड्यांच्या ‘ती फुलराणी’मागे बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ आहे, हे जाणूनच आपण ती नाटके आपली मानली. आपण कोणाचे काही घेतलेले नसल्यामुळे स्पर्धेच्या अटीचा प्रश्न इथे येत नाही.

अंकवाचक

दरवर्षी दिवाळी अंकांतील शक्य तितक्या कथा वाचणारा वाचक म्हणून लिहितो. संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात आपल्या ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथाच्या शेवटच्या उद्योतात (प्रकरणात) दोन कवींच्या रचनांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: आरशातील प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे, आणि एका माणसाने दुसऱ्या माणसासारखे दिसावे तसे. पहिले दोन टाळावेत आणि तिसरे टाळण्याचे कारण नाही, असे तो म्हणतो, कारण त्या दुसऱ्या माणसाला स्वतःचा जीव असतो.

मला शिळेपणा जाणवतो तो कथानकात क्वचित. बहुतेक वेळा तो तपशिलात असतो. कोकणातले घर आले की माजघरातला झोपाळा, तुळशीवृंदावन, विहिरीच्या रहाटाचा आवाज आणि पहाटेचा प्राजक्ताचा सडा हे न बोलावता येतात. लेखकाने ते पाहिलेले असतीलही, पण त्या पात्राने ते पाहिले आहेत असे वाटत नाही. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने घटनांच्या चमत्कृतीपेक्षा माणसाच्या मनाचे आणि परिसराचे नेमके निरीक्षण महत्त्वाचे मानले. आपली कथा त्या नजरेने एकदा तपासावी आणि जो तपशील दुसऱ्या कोणाच्याही घराला लागू पडेल, तो बिनदिक्कत काढून टाकावा.

कोरीपाटी

सर्वांचे मनापासून आभार. ‘जुनीवही’ यांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की त्या घराविषयी आईला मुलांइतकी ओढ कधीच नव्हती. लग्न होऊन ती तिथे आली, आयुष्यभर बागेत आणि चुलीपाशी राबली, पण पतीच्या निधनानंतर वारसनोंद झाली तेव्हा कुठे तिचे नाव पहिल्यांदा त्या कागदावर आले. पहिल्यांदाच मिळालेला हक्क तिला एकदा तरी वापरून पाहायचा असतो, आणि तो वापरण्याची संधी तिला विकण्याच्या सहीतच मिळते. हे कथेत आहे, परंतु शेवटच्या परिच्छेदात एका वाक्यापुरते.

जुनीवही

मग आपल्या गटाने वाचली ती कथा आणि आपण आता सांगितली ती कथा, या दोन वेगळ्या आहेत. वारसनोंदीचा प्रसंग सुरुवातीला आणावा. तलाठी कार्यालयात आईचे नाव उच्चारले जाते तेव्हा मुले काय करत असतात, तिला स्वतःचे संपूर्ण नाव असे मोठ्याने ऐकण्याची सवय आहे का, हे तिथेच दिसू द्यावे. त्यानंतर गिऱ्हाईक आले की वाचक मुलांच्या घालमेलीपेक्षा तिच्या हाताकडे पाहू लागेल. तिने सही करण्याचे कारण मुलांना कळावे की नाही, याबद्दल मात्र ‘अंकवाचक’ यांचे मत ऐकायला आवडेल. माझ्या मते कळू नये.