मदत हवी आहे: बाबांचं एचएमटी जनता दिवसाला दहा-बारा मिनिटं पुढे पळतंय

नमस्कार मंडळी,

बाबांचं चावीचं एचएमटी जनता वर्षभर माझ्या मनगटावर आहे. १७ ज्युवेलचं (म्हणजे आत घर्षण कमी करणारे १७ खडे), तबकडी पिवळट पडलेली, काचेवर चरे. दिवसाला मिनिटभर इकडेतिकडे व्हायचं, त्याबद्दल तक्रार नाही. सकाळी चहा उकळेस्तोवर चावी द्यायची. बाबाही तेव्हाच द्यायचे. पण गेला आठवडाभर एकदम दहा-बारा मिनिटं पुढे जातंय. पडलेलं नाही, भिजलेलं नाही. रात्री काढून ब्लूटूथ स्पीकरवर ठेवतो, कारण धाकटीचा हात न पोचणारी घरातली तेवढी एकच जागा.

घड्याळवाल्याकडे नेलं. त्याने झाकणही न उघडता निकाल दिला, "मशीन संपलं. आत सेलचं बसवतो, डायलही रंगवून देतो, चकाचक!" मी घड्याळ उचललं आणि घरी आलो. बायको म्हणते, चार-पाचशेचं सेलचं घड्याळ याच्यापेक्षा बरोबर चालतं. खरंय. त्यातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आमचं बिचारं पाच ठोके टाकतं. पण ते पाच ठोके उशाशी ऐकू येतात हो! आणि एक सकाळ चावी चुकली की दुसऱ्या दिवशी हे रुसून बसलेलं. आतलं मशीनच काढलं तर बाबांचं काय उरलं, नुसती डबी.

तर हे दुरुस्त होईल का? कंपनी बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झाला, मग सुटे भाग मिळतात का?

प्रतिसाद १

भाग-बिग राहू द्या, आधी तो स्पीकर बघा. त्यात चांगलं दणकट चुंबक असतं. बॅलन्स व्हीलची, म्हणजे पुढेमागे झुलून वेळ राखणाऱ्या चाकाची, केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळत सुटतं. होकायंत्र घड्याळाजवळ धरा. सुई जोरात फिरली तर तेच. चुंबकत्व काढायचं छोटं यंत्र मिळतं. घड्याळ त्यावर धरून बटण दाबायचं, दाबलेलंच ठेवून घड्याळ हळूहळू हातभर लांब न्यायचं, मगच बटण सोडायचं.

प्रतिसाद २

तरीही पळालं तर स्प्रिंगला तेल लागलं असेल, त्यानेही वेढे चिकटतात. मग साफसफाई करावी लागेल. जुन्या एचएमटींमधून काढलेले भाग मिळतात. डायल मात्र रंगवू नका, हात जोडतो.

धागाकर्ता

सुई गरकन फिरली! मित्राकडच्या यंत्राने दोनदा केलं. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत फक्त ४० सेकंद पुढे. दोघांचेही आभार. आता घड्याळ फ्रिजवर ठेवतोय, पण दाराच्या रबरातही चुंबक असतं ना? वर, मागच्या कडेला ठेवलं तर चालेल?