मदत हवी आहे: विमा विक्रीत नवीन आहे, कोणाकडे रुजू व्हावं?

नमस्कार मंडळी,

विमा विक्रीत उतरायचं ठरवलंय, परवान्याची परीक्षा जवळ आली आहे. आधी काउंटरवर विक्री केली आहे, त्यामुळे अनोळखी माणसाशी बोलायची भीती नाही. तीन ठिकाणी बोलणी झाली. तिथे बसून ऐकताना प्रत्येकाचं पटतं आणि घरी आलं की गोंधळ सुरू.

पहिली आयुर्विमा कंपनी. फक्त त्यांच्याच पॉलिसी विकायच्या, पगार नाही, निव्वळ कमिशन. सुरुवातीला थोडा 'ॲडव्हान्स' देतात. पहिल्या वर्षाचं कमिशन घसघशीत. पण मुलाखतीतच मॅनेजरने १ ते १०० आकडे छापलेला कागद पुढे सरकवला: ओळखीच्यांची नावं लिहा. सख्खे, चुलत संपले आणि मामेबहिणीच्या नावाशी पेन थांबलं.

दुसरी ब्रोकर फर्म. अनेक कंपन्यांच्या पॉलिसी, बेताचा पगार, लीडही (विमा घेऊ शकतील अशांची नावं) तेच देणार. मात्र ग्राहक फर्मचे. मी सोडलं तर रिन्युअलवर, म्हणजे पुढच्या वर्षांच्या कमिशनवर, माझा हक्क नाही.

तिसरी जागा बँकेत. पगार ठरलेला, पण दर महिन्याचं टार्गेट. कर्जासाठी आलेल्याच्या गळ्यात विमा मारायचा, हे मला जमेलसं वाटत नाही. म्हणून खरी निवड पहिल्या दोघांतच.

करारात नेमकं काय बघू? आणि ॲडव्हान्स म्हणजे पगार समजायचा की उसने पैसे?

जुनं_खोड: उसने. पुढच्या कमिशनमधून वळते होतात. मध्येच सोडलंत तर उरलेली रक्कम तुमच्याकडून मागणार का, ते करारात शोधा. त्याच्या आसपास 'क्लॉबॅक'चं कलम असेल. ग्राहकाने सुरुवातीचे हप्ते भरून पॉलिसी सोडून दिली, तर तुम्हाला मिळालेलं कमिशन परत कापलं जातं. किती महिन्यांपर्यंत आणि पूर्ण की प्रमाणात, हे वाचल्याशिवाय सही करू नका.

ती यादी इथेच महागात पडते. मामेबहीण भिडेखातर पॉलिसी घेणार, वर्षाच्या आत बंद करणार. कमिशन गेलं आणि लग्नकार्यात तोंड चुकवायची पाळी आली. यादी संपली की बरेच नवे एजंट गळतात, त्यांनी आणलेले ग्राहक मात्र कंपनीकडेच राहतात. म्हणून मॅनेजरला १३व्या महिन्याची पर्सिस्टन्सी विचारा, म्हणजे वर्ष उलटल्यावर किती पॉलिसी चालू राहतात. आकडा त्याच्या शाखेचा मागा. कंपनीचा तर जाहिरातीतही असतो.

दुपारची_चहाटळ: खोडसाहेबांशी थोडी असहमत. रिन्युअल कोणाचं, क्लॉबॅक किती, हे सगळं धंदा झाल्यावरचं. पहिल्या वर्षी एवढंच बघा की कोणी तुम्हाला सोबत घेऊन ग्राहकाकडे जातं का. मी ब्रोकरकडे शिकले. एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो, ब्रोकर ग्राहकाचा. क्लेम अडला की हा फरक कळतो. दोन कंपन्यांच्या पॉलिसी शेजारी ठेवून त्यातल्या वगळलेल्या गोष्टी वाचायची सवय तिथेच लागली. एकाच कंपनीत राहून ती लागली नसती.

अबक: कंपनीच्या मुलाखतीत 'तुमच्या हाताखाली टीम उभी राहील' हे वाक्य किती वेळा आलं? पॉलिसीपेक्षा माणसं भरती करण्यावर जोर असेल तर काढता पाय घ्या. प्रशिक्षणाचे पैसे मागत असतील तरी तेच.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. 'टीम' भरपूर वेळा आलं, अबक! दोघांकडे कराराचा मसुदा मागितला. ब्रोकरने लगेच पाठवला. कंपनीचा मॅनेजर म्हणतो, 'रुजू व्हाल त्या दिवशी मिळेल, सगळ्यांना तोच असतो.' ब्रोकरच्या मसुद्यात एक कलम खटकतंय: नोकरी सोडल्यावर २ वर्षं फर्मच्या कोणत्याही ग्राहकाशी विम्याबद्दल संपर्क नको. यात बदल मागता येतो का?

जुनं_खोड: मागता येतो. मुदत ते सहसा कमी करत नाहीत, नवख्यासाठी तर नाहीच. पण 'मी स्वतः आणलेले ग्राहक वगळून' एवढे शब्द घालायला सांगा. फोनवर 'हो हो' म्हणतील, त्यावर जाऊ नका, ईमेलवर लेखी घ्या. आणि न दाखवलेल्या करारावर सही करायला त्या आयुर्विमा कंपनीत जाऊच नका.