टी४८० ला ३२०० ची रॅम चालेल का?

पत्रिकावाला:
नमस्कार मंडळी. लग्नपत्रिकांचं डीटीपी करतो. सेकंडहँड थिंकपॅड टी४८० लॅपटॉप घेतलाय, ८ जीबी रॅमचा. सीझन सुरू आहे. कोरलड्रॉ, फोटोशॉप आणि व्हॉट्सॲप वेब एकदम उघडलं की चक्र फिरत बसतं आणि नवरीमुलीचा काका माझ्या खांद्यावरून बघत असतो. दुकानदार म्हणतो २४०० च्या वेगाची रॅम नाहीच, ३२०० ची घ्या. घेऊ का? मागे एकाने डीडीआर४ च्या मशीनला डीडीआर३, म्हणजे आधीच्या पिढीची रॅम, गळ्यात मारली होती, म्हणून धास्ती.

गरीब_कोडर:
हार्ड डिस्क आहे की एसएसडी? हार्ड डिस्क असेल तर पैसे आधी तिकडे घाला.

पत्रिकावाला:
एसएसडीच आहे हो.

सोल्डरकाका:
मग रॅमच. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी बघा. स्लॉट दोनपैकी एकच वापरात असेल तर जुनी पट्टी राहू द्या, शेजारी ८ ची दुसरी लावा. जोडी झाली की ड्युअल चॅनल चालतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी कामाला लागतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ग्राफिक्सही रॅममधूनच खातं, तिथे फरक कळतो. आणि नाव नीट वाचा, टी४८०एस असेल तर एक रॅम बोर्डावरच डकवलेली असते, स्लॉट एकच.

३२०० बिनधास्त घ्या, ती २४०० वर उतरून चालेल. डीडीआर४ आणि लॅपटॉपची, म्हणजे २६० पिनांची, एवढं बघा. डीडीआर३ ला २०४ पिना आणि खाचही दुसरीकडे. बसत नसेल तर अंगठ्याने दाबू नका. असे मोडलेले स्लॉट बदलता बदलता माझे डोळे गेलेत.

उघडण्याआधी बायोसमधून (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमधून) आतली बॅटरी बंद करा. बाहेरची काढली की झालं असं वाटतं, पण याला आत दुसरी असते. पट्टी तिरकी घाला, मग खाली दाबा, दोन्ही क्लिपा टक् वाजल्या पाहिजेत.

हौशी_गेमर:
१६ कशाला, सरळ ३२ करा!

सोल्डरकाका:
त्यांना पत्रिका छापायच्यात राजे. आधी १६ भरतायत का ते बघू.

पत्रिकावाला:
लावली! पहिल्यांदा चालू केला तर स्क्रीन काळीठिक्कर, घाम फुटला. बंद करणार तेवढ्यात लोगो आला. आता १६ जीबी, २४००, दोन्ही स्लॉट भरलेले. नवरीच्या काकांसमोर पत्रिकेवरच्या गणपतीची फाइल झटकन उघडली. आता त्यांना गणपतीच बदलून हवाय.