शेवी ३५० चं (शेवरोलेचं ३५० घन इंची व्ही८ इंजिन) ३८३ स्ट्रोकर (स्ट्रोक वाढवून ३८३ घन इंची केलेलं इंजिन) करायचंय, आधी काय बघू?

प्रश्न: इंजिन उघडलंय. बोअर (सिलिंडरचा व्यास) ०.०३० इंच वाढवून ३.७५ इंच स्ट्रोकचा (पिस्टनची वर-खाली चाल) क्रँक टाकायचाय, मूळचा ३.४८ आहे. रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) ५.७ इंची घेऊ की ६ इंची? सिलिंडर हेड जुनेच चालतील का?

रिप्लाय १: अरे थांब, सामान मागवायच्या आधी ब्लॉकची क्रॅक टेस्ट आणि सिलिंडरच्या भिंतीची जाडी बघून घे, नाहीतर सगळं येऊन पडायचं आणि ब्लॉकच बाद निघायचा. स्ट्रोक वाढला की रॉडचे बोल्ट खाली ब्लॉकच्या कडेला लागतात, वर कॅमच्याही (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) जवळ जातात, म्हणून आधी तात्पुरतं कोरडं जुळवून क्रँक हाताने पूर्ण फिरव आणि लागेल तिथे ग्राइंड कर, दीडेक मिलिमीटर गॅप तरी ठेवच.

रिप्लाय २: ६ इंची घे, साइड लोड (पिस्टनचा सिलिंडरच्या भिंतीवरचा दाब) थोडा कमी. पण पिस्टन त्याच रॉडचे हवेत, पिनची उंची वेगळी असते. बॅलन्सिंग पूर्ण सेटचं कर, डॅम्पर (क्रँकची थरथर कमी करणारं चाक) आणि फ्लायव्हील क्रँकला जुळणारेच घे.

रिप्लाय ३: जुन्या हेडवर कमी आरपीएमला टॉर्क मस्त येईल, जास्त आरपीएमला मात्र दम लागेल. पैसे हेड आणि कॅमवर घाल. ६५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २०.६ मीटर होतो, इतक्या वेगाला कास्ट (ओतीव) पिस्टन नकोच!

प्रश्नकर्ता: ओके, ब्लॉक उद्याच मशीन शॉपला देतो.