मदत हवी आहे: ब्रिटिश गायिकांची दहा पॉप-सोल गाणी, पहिल्या नंबरावर कोण?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत आमचा एक श्रवणगट आहे. महिन्यातून एकदा जमतो, एक विषय घेतो, तासभर गाणी ऐकतो. पुढच्या बैठकीची जबाबदारी माझ्यावर आहे आणि विषय आहे ब्रिटनमधल्या गायिकांचं पॉप-सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताच्या अंगाने जाणारं पॉप. दहा गाणी लावायची. सुरुवात दहाव्या नंबरापासून, शेवट पहिल्याने. प्रत्येक गाण्याआधी दोन-तीन वाक्यं बोलायची, एवढंच.

गटातली बहुतेक मंडळी ख्याल, ठुमरी आणि जुनी सिनेगीतं ऐकून मुरलेली आहेत. इंग्रजी गाण्यांची सवय सगळ्यांना नाही, पण सूर, लय आणि शब्दफेक त्यांच्या कानातून सुटत नाही. म्हणून कोणतं गाणं किती विकलं गेलं यावर क्रम लावायचा नाही. गायलंय कसं, यावर लावायचा आहे.

सध्याचा क्रम असा. पहिली डस्टी स्प्रिंगफील्ड, 'सन ऑफ अ प्रीचर मॅन' (१९६८). दुसरी एमी वाइनहाउस, 'बॅक टू ब्लॅक' (२००६). तिसरी अ‍ॅडेल, 'समवन लाइक यू' (२०११). त्यानंतर शाडेचं 'स्मूद ऑपरेटर', लिसा स्टॅन्सफील्डचं 'ऑल अराउंड द वर्ल्ड', डफीचं 'मर्सी', अ‍ॅलिसन मॉयेचं 'ऑल क्राइड आउट', जॉस स्टोनचं 'यू हॅड मी', कोरीन बेली रेचं 'पुट युअर रेकॉर्ड्स ऑन' आणि दहावं लुलूचं 'टू सर विथ लव्ह'.

अडलंय ते असं. डस्टी आणि एमी यांच्यात पहिलं कोण, यावर माझं मन रोज बदलतं. अ‍ॅडेलला सोल म्हणायचं की नाही, हेही ठरत नाही. आणि पी. पी. आर्नल्ड ब्रिटिश धरायची का? 'द फर्स्ट कट इज द डीपेस्ट' मला फार प्रिय आहे. मनापासून सांगा, कारणांसकट सांगा.

खर्जवेडा

पी. पी. आर्नल्डचं आधी उरकतो. ती लॉस एंजेलिसची. टीना टर्नरच्या ताफ्यातून इंग्लंडला आली आणि तिचं नाव तिथे झालं, पण ती अमेरिकनच. नियम लावायचा तर तिला बाहेर ठेवावं लागेल.

डस्टी पहिली, यात माझ्या मनात शंका नाही. ते गाणं लिहिलं गेलं होतं अमेरिकन सोल गायिका अरिथा फ्रँकलिनसाठी. तिने ते तेव्हा घेतलं नाही, नंतर गायलं. दोन्ही लागोपाठ ऐका. अरिथा स्वतः धर्मोपदेशकाची मुलगी, ती गाण्यात शिरते तीच पूर्ण ताकदीने. डस्टी आवाज राखून ठेवते. कडव्यात जवळजवळ बोलल्यासारखी, ठेक्याच्या किंचित मागे राहून गाते आणि धृपदाला येतानाही सगळा आवाज बाहेर काढत नाही. तुमच्या मंडळींना हे सांगावंच लागणार नाही, त्यांचं ते ओळखतील.

हे गाणं ज्या तबकडीत आहे, त्या 'डस्टी इन मेम्फिस'बद्दल एक गोष्ट जरूर सांगा. नाव अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचं, वादक मेम्फिसचे, पण डस्टीने अंतिम गायन ध्वनिमुद्रित केलं न्यूयॉर्कमध्ये. जेरी वेक्सलरसारखा निर्माता समोर, ज्याने अरिथाची रेकॉर्ड्स केली होती. लंडनमध्ये सगळं स्वतःच्या हातात ठेवणाऱ्या डस्टीला तिथे दडपण आलं. आज ही तबकडी सोलमधल्या सर्वोत्तमांत मोजतात, पण १९६९ साली ती फारशी विकली गेली नव्हती.

लेस्टरकर

ताई, बैठकीची कल्पना फार आवडली. पण तुमच्या यादीबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण इथे राहून ती मला सतत दिसते.

तुमच्या दहा जणींत कृष्णवर्णीय गायिका फक्त दोन, शाडे आणि कोरीन. सोल हे संगीत आलं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून. ब्रिटनमध्येही ते जिवंत ठेवलं कॅरिबियन आणि आफ्रिकन कुटुंबांतल्या मुलींनी, इथल्या चर्चमध्ये आणि साउंड सिस्टिमच्या (मोठाले स्पीकर लावून रेकॉर्ड वाजवणाऱ्या मंडळींच्या) पार्ट्यांमध्ये. चाहत्यांच्या याद्या मात्र डस्टी, एमी, अ‍ॅडेल अशाच सुरू होतात. २००८ साली अ‍ॅडेल आणि डफीचा एकाच वेळी उदोउदो चालला होता, तेव्हा एस्टेल या कृष्णवर्णीय ब्रिटिश गायिकेने जाहीरपणे विचारलं होतं की सोलवर एवढं लिहून येतंय, त्यात आमच्यापैकी कुणीच का नाही? अ‍ॅडेलचं गाणं सोल नाही, असंही ती म्हणाली होती, पण हा प्रश्न लिहिणाऱ्यांना होता. तो मला आजही बिनतोड वाटतो.

माझी नावं. सोल टू सोल या लंडनच्या गटाबरोबर कॅरन व्हीलर, 'बॅक टू लाइफ', १९८९, इथे पहिल्या नंबरावर गेलेलं. या गाण्याने ब्रिटिश सोलला स्वतःची चाल दिली, अमेरिकेची उसनी नव्हे. तो संथ, डुलणारा ठेका लंडनच्या साउंड सिस्टिममधून आलेला आहे. गंमत म्हणजे मूळ अल्बममध्ये हे गाणं बरंचसं वाद्यांशिवाय आहे, नुसता आवाज. तुमच्या गटाला आधी त्यातला एक मिनिट ऐकवा, मग सिंगल लावा. कॅरनचा सूर किती पक्का आहे ते उघड्यावर कळतं.

दुसरं मीका पॅरिस, 'माय वन टेम्प्टेशन', १९८८. तिसरं बेव्हर्ली नाइट, 'शुडा वुडा कुडा', २००२. वुल्व्हरहॅम्प्टनची, चर्चमध्ये गात वाढलेली. या देशात आज तिच्याइतकी तयार सोल गायिका मला दुसरी दिसत नाही, आणि भारतात तिचं नाव कुणाला माहीत नसतं याचं मनापासून वाईट वाटतं. चौथं गॅब्रिएल, 'ड्रीम्स', १९९३.

आणि शक्य असेल तर जॅनेट के, 'सिली गेम्स', १९७९. हे लव्हर्स रॉक, म्हणजे रेगेच्या अंगाने जाणारं, लंडनमध्येच जन्मलेलं. काटेकोरपणे सोल नाही. पण त्यातला तो टिपेचा सूर तुमच्या मंडळींनी ऐकायलाच हवा. पार्टीत सगळे तो लावायचा प्रयत्न करतात आणि बहुतेक जण घसरतात. जॅनेट तिथे सहज जाऊन बसते.

धागाकर्ती

लेस्टरकर, खूप आभार. काल रात्री 'बॅक टू लाइफ'ची दोन्ही रूपं ऐकली आणि मग झोपच लागली नाही. ते यादीत आलं, तेही वरच्या पाचांत. बेव्हर्ली नाइटही आली. लुलू आणि डफी यांना निरोप दिला. लुलूचं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलेलं आणि गोड आहे, पण सोल म्हणून ते शेवटपर्यंत टिकत नाही.

जॉस स्टोन काढावीशी वाटत नाही. २०११ मध्ये मिक जॅगर, डेव्ह स्टुअर्ट, डेमियन मार्ली आणि ए. आर. रहमान यांच्याबरोबर 'सुपरहेवी' या गटात ती होती, त्यामुळे आमच्या मंडळींना धागा जुळेल.

रेकॉर्डप्लेअर

रहमानमुळे धागा जुळतो हे कारण क्रमासाठी पुरेसं नाही, तुम्हीच गायकीवर क्रम लावायचा म्हणालात. जॉसचं घ्यायचंच तर २००३ च्या 'द सोल सेशन्स'मधलं काहीतरी घ्या. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. मायामीतल्या जुन्या मुरलेल्या सोल वादकांसमोर उभी राहून तिने जे गायलंय, त्यापुढे 'यू हॅड मी' मला जास्त घासूनपुसून केलेलं वाटतं.

खरा भांडणाचा मुद्दा एमीचा. 'बॅक टू ब्लॅक' हे गाणं वातावरणाचं आहे. तो पियानो, ती घंटा, साठच्या दशकातल्या मुलींच्या गटांची आठवण. त्यात निर्माता मार्क रॉन्सनचा आणि डॅप-किंग्ज वादकांचा वाटा मोठा. एमीची गायकी दाखवायची असेल तर 'लव्ह इज अ लूझिंग गेम' लावा. अडीच मिनिटांच्या आसपासचं गाणं. एकही किंकाळी नाही, लांबवलेला सूर नाही. शब्द ती ओढत नाही, टाकून देते, आणि ओळीच्या शेवटी सूर किंचित खाली सोडते. हे तिने सोलमधून नाही, जॅझ ऐकून उचललंय. २०११ च्या मार्चमध्ये अमेरिकन जॅझ गायक टोनी बेनेटबरोबर तिने 'बॉडी अँड सोल' गायलं, त्यातही हेच दिसतं. त्याच वर्षी जुलैमध्ये ती गेली, सत्तावीस वर्षांची.

माझा पहिला नंबर हाच. डस्टी दुसरी.

खर्जवेडा

रेकॉर्डप्लेअर, 'लव्ह इज अ लूझिंग गेम'बद्दल तुमचं बोलणं मान्य. तरीही मी 'टिअर्स ड्राय ऑन देअर ओन' सुचवीन. खाली 'एन्ट नो माउंटन हाय इनफ'ची चढती, हसरी चाल आणि वर एमीचे पडलेले, थकलेले शब्द. हे गाणं आधी संथ होतं, नंतर त्याला मोटाउन या अमेरिकन सोल रेकॉर्ड कंपनीच्या त्या चालीवर बसवलं. संथ रूप तिच्या मृत्यूनंतर आलेल्या संग्रहात आहे. एकच रचना, लय बदलली की भाव कसा उलटा होतो, हे ख्याल ऐकणाऱ्यांना दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पहिला नंबर मात्र सोडणार नाही. एमीला जे गाणं हवं होतं ते तिने स्वतः लिहिलं, स्वतःच्या दुःखाच्या मापाने बेतलं. डस्टीने दुसऱ्यासाठी शिवलेलं गाणं अंगावर घेतलं आणि आता ते दुसऱ्या कुणाचं वाटतच नाही.

पावसाळी

मी वयाने बहुधा इथे सगळ्यात लहान. यादी २०११ वर का थांबते? सेलेस्टचं 'स्ट्रेंज' (२०१९) ऐका. जवळजवळ कुजबुज आहे, आणि त्या कुजबुजीत प्रत्येक सूर जागेवर. रे (RAYE) या गायिकेने २०२४ च्या ब्रिट अवॉर्ड्समध्ये एका रात्रीत सहा पुरस्कार घेतले. जोर्जा स्मिथ आहे, ऑलिव्हिया डीन आहे. माझं मत सेलेस्टला, अ‍ॅडेलच्या जागी.

लेस्टरकर

पावसाळी, सेलेस्टला माझंही मत. पण अ‍ॅडेलच्या जागी नको. २०११ च्या ब्रिट्समध्ये तिने 'समवन लाइक यू' गायलं ते मी टीव्हीवर पाहिलं. मागे एक पियानो, बाकी काही नाही. शेवटी तिला स्वतःलाच आवरेना. अ‍ॅडेल ताकदीची गायिका म्हणून ओळखली जाते, पण त्या गाण्यातली तिची खरी जागा म्हणजे धृपदात आवाज वर जाताना येणारी चीर. ती झाकायचा प्रयत्न ती करत नाही. सोल म्हणजे ठरावीक ठेका असेल तर हे सोल नाही. गाणाऱ्याने काही राखून न ठेवणं म्हणजे सोल असेल, तर आहे.

खर्जवेडा

'काही राखून न ठेवणं' हीच व्याख्या मला पटत नाही. डस्टीचं सगळं मोठेपण राखून ठेवण्यात आहे. शाडेचंही. शाडेला घेताना 'स्मूद ऑपरेटर'ऐवजी 'नो ऑर्डिनरी लव्ह' (१९९२) घ्या. सात मिनिटांचं आहे, पण तुमच्याकडे तासभर आहे. आवाज खालच्याच पट्टीत फिरत राहतो, कुठेही चढत नाही आणि ताण मात्र वाढतच जातो.

पावसाळी

एक छोटी भर, विषयाबाहेरची वाटली तर सोडून द्या. टीना चार्ल्सचं 'आय लव्ह टू लव्ह' १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर होतं, आणि त्याचा निर्माता होता बंगळुरूहून लंडनला गेलेला बिड्डू. 'आप जैसा कोई'वाला बिड्डू! गाणं डिस्को आहे, नंबरात बसणार नाही. पण मध्यंतरात लावलंत तर सगळ्यांचे कान टवकारतील.

धागाकर्ती

बिड्डू नक्की. मध्यंतरात आधी टीना चार्ल्स, मग नाझिया हसन.

दोन दिवस सगळं परत परत ऐकून क्रम बदललाय. पहिली डस्टी, 'प्रीचर मॅन'. खर्जवेडा यांचं 'दुसऱ्यासाठी शिवलेलं गाणं' हे कारण मला जिंकून गेलं. दुसरं 'बॅक टू लाइफ'. एमी तिसरी, 'लव्ह इज अ लूझिंग गेम'ने. रेकॉर्डप्लेअर नाराज होतील, पण सोल टू सोलने जे नवं उभं केलं ते ऐकल्यावर त्याला खाली ठेवणं माझ्याच्याने होईना. चौथी शाडे, पाचवी अ‍ॅडेल, मग बेव्हर्ली नाइट, लिसा स्टॅन्सफील्ड, सेलेस्ट, जॉस स्टोन 'द सोल सेशन्स'मधून आणि दहावी अ‍ॅलिसन मॉये. कोरीन राहिली याचं वाईट वाटतंय, पण जागाच नाही. 'सिली गेम्स' नंबराशिवाय, सगळं संपल्यावर, त्या टिपेच्या सुरासाठी.

आता एकच विचारते. डस्टीचं 'यू डोन्ट हॅव टू से यू लव्ह मी' गटातल्या दोघांना आधीपासून पाठ आहे आणि ते तेच लावा म्हणणार. त्यांना काय सांगू?

रेकॉर्डप्लेअर

नाराज आहे, पण बैठकीला शुभेच्छा.

त्यांना सांगा की त्या गाण्याची मूळ चाल इटालियन, डस्टीने ती १९६५ मध्ये सान रेमोच्या महोत्सवात ऐकली. आवाजाला हवा तसा घुमार मिळेना म्हणून ती स्टुडिओच्या जिन्यात उभी राहून गायली. मग त्यांच्यासाठी ते गाणं 'प्रीचर मॅन'च्या आधी दीड मिनिट वाजवा. जिन्यात घुमणारी भरलेल्या आवाजाची डस्टी आधी, मागे राहून गाणारी डस्टी नंतर. क्रम उलटा करू नका.