आधी खोली की आधी काम?

वागळेकर
ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचा पॅकिंगचा छोटा गाळा आहे. पुलाखाली राहणारा एक माणूस कामाला घेतला. हिशेबाला चोख, पण दीड महिन्यात अकरा खाडे. काढून टाकायला निघालो तेव्हा तो म्हणाला, "शेठ, झोपच होत नाही." रात्री कुणीतरी उठवतं, पिशवी उशाला घेऊन जागायचं, सकाळी आंघोळीसाठी रांग. कळव्यात त्याला खोली बघून दिली. डिपॉझिट मी भरलं, पगारातून महिन्याला दोन हजार कापून घेतो. त्यानंतर आठ महिन्यांत दोनच खाडे, तेही तापाने. म्हणून माझं मत: आधी माणसाच्या दाराला आतून कडी हवी, काम मग टिकतं. महापालिकांनी अशा लोकांच्या खोल्यांचं डिपॉझिट भरावं.

घोडबंदरकर
पटलं नाही. मी दहा वर्षं दिव्याहून लोकलला लोंबकळत गेलो, म्हाडाच्या लॉटरीला सहा वेळा अर्ज केला, आता हप्ते फेडतोय. माझं डिपॉझिट कोणी भरलं नाही. कष्ट करावेत, पैसे साठवावेत, मग खोली घ्यावी. आणि रात्रनिवारे आहेत की! तिथे का जात नाहीत?

कोपरीची माई
दादा, मी संध्याकाळी पुलाखाली राहणाऱ्या मुलांना शिकवायला जाते, म्हणून सांगते. नवरा-बायको आणि तीन लेकरं असतील तर बाप्यांच्या निवाऱ्यात बाई कुठे झोपणार? राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषात लाखाला एक निवारा होता, वर्षभर चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांवर आणि नवी मुंबई ११ लाखांवर होती. म्हणजे अठरा आणि अकरा निवारे. तुमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर किती दिसतात?
तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ साली सिग्नलवरच्या मुलांसाठी सिग्नल शाळा सुरू झाली, ती कंटेनरमध्ये. तिथली पोरं दहावी पास झाली. शाळा त्यांच्यापर्यंत गेली म्हणून हे झालं. साठवायचं म्हणता, पण पैसे ठेवायला कुलूप तरी हवं ना.

तुर्भे नाका
मी स्वतः तीन वर्षं स्टेशनबाहेर झोपलोय. वागळेकर साहेब, तुमचा हेतू चांगला आहे, पण नुसती खोली माणसाला बुडवते. दिघ्यात खोली घेतली होती. पावसाळ्यात दोन महिने नाक्यावर कोणी बिगारी विचारत नव्हतं. मुकादमाकडून उचल घेऊन भाडं भरलं आणि शेवटी खोलीही गेली, उचलही अंगावर राहिली. मार्केटातल्या माथाडीचं बघा. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याचा पगार माथाडी मंडळामार्फत येतो, फंड कापला जातो, हजेरी कागदावर असते. त्याला खोलीमालक दारातून परत पाठवत नाही. आमच्या नाक्यावरच्या माणसाकडे कसलाच कागद नाही. आधी नोंदीचं काम द्या, खोली आम्ही शोधू.

ऐरोलीकर
या वादात तिसरा माणूस सुटतोय, स्वतःशी बोलत फिरणारा. त्याला आधी औषध लागतं. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था अशा माणसांना रस्त्यावरून नेते, बरं करून घरी पोचवते. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्याच कामासाठी होता. सगळ्यांना एकच क्रम लावू नका.

वागळेकर
तुर्भेवाल्या भाऊंचं म्हणणं मनाला लागलं. माझ्या माणसाला बाराही महिने पगार होता, ते मी गृहीतच धरलं. मग डिपॉझिटबरोबर पावसाळ्यातल्या दोन महिन्यांच्या भाड्याचीही सोय हवी. आणि कागदाचं म्हणाल, तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकाचा ठराविक नमुन्यातला दाखला आधारला चालतो. निवारा त्यासाठी तरी हवाच. माई, माझं आधीचं बोलणं अर्धवट होतं.

घोडबंदरकर
पगारातून परत येत असेल तर माझा विरोध निम्मा कमी झाला. पण माणूस पळाला तर पैसे कोणाचे?

वागळेकर
माझे गेलेत. दुसऱ्या माणसाच्या वेळी आठ हजार बुडाले, एका सकाळी तो आलाच नाही. महिनाभर राग होता.
आता तिसऱ्यासाठी विटाव्यात खोली बघतोय. माणूस एकटा आहे, दारू नाही, आधार आहे. कुणाच्या ओळखीचा मालक असेल तर कळवा.

घोडबंदरकर
विटाव्यात माझ्या आत्याची चाळ आहे. विचारतो. आधी माणसाला भेटू द्या.