पॉलिसी बंद होणार म्हणून येणारे फोन

तुमच्या वडिलांना "आजच पैसे भरा नाहीतर हेल्थ पॉलिसी बंद" म्हणून फोन आला म्हणताय, तसाच राजारामपुरीत आमच्या काकूंना आला होता आणि त्या माणसाकडं पॉलिसी नंबर, जन्मतारीख सगळं बरोबर होतं, म्हणून तर वयस्कर माणसं फसतात ओ. माहिती बरोबर म्हणजे माणूस खरा असं अजिबात नाही, हे घरात परत परत सांगा. आयआरडीएआयमधून (म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) बोलतोय, बोनस अडकलाय म्हणाला की सरळ कट करायचा, ते पॉलिसी विकत नाहीत आणि बोनस पण वाटत नाहीत. 70 आणि त्यापुढच्यांना सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड फुकट निघतं, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचाराचं कव्हर, त्याच्या नावानं फोनवर कुणी ओटीपी नायतर फी मागितली तर द्यायची नाही. काकूंनी मोबाईलच्या कव्हरमध्ये चिठ्ठी घातलीय, "पोराला विचारून सांगते", तेवढंच वाचून दाखवतात आणि फोन ठेवतात, लई उपयोग होतो बघा. आणि पैसे गेलेच तर वडिलांवर चिडू नका, चिडलं की पुढच्या वेळी ते लपवतात, आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावा आणि बँकेला कळवा, कारण उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.